फिडल लीफ आणि खारं पाणी



फिडल लीफ हे झाड आता आपल्याकडच्या दिवाणखान्यांतही दिसू लागलं आहे. पानं वीतभराहून मोठी, व्हायोलिनच्या आकाराची. मूळचं ते सिएरा लिओन ते कॅमेरून या पट्ट्यातल्या सखल, दमट जंगलांतलं; कुळानं मात्र आपल्या वडा-उंबराचं भावंड.

थंड देशांत या झाडाला हिवाळा सोसत नाही. तिकडचे सल्ले वाचून आपणही डिसेंबरात कुंडी खोलीच्या कोपऱ्यात कोंडतो. तसं करू नका. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे, हिवाळ्यातलं कोवळं ऊन त्याला मानवतं. पूर्वेच्या ओसरीत दोन-तीन तास ते मिळू द्या. घाटावर, बुलडाणा-चिखलीला, पारा १० अंशांच्या आसपास उतरला, तर तेवढ्या रात्री कुंडी आत घ्या. त्याच्या जिवावर उठतो तो आपला मे महिना: ४४ अंशांचं ऊन आणि कोरड्या झळा. तेव्हा झाड सावलीत हवं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. इथल्या बोअरचं खारं पाणी कुंडीत घातलं, की पाणी मुळं शोषतात, काही उडून जातं, पण क्षार मातीतच राहतात. शेतातले क्षार पावसानं थोडेफार धुऊन जातात. छपराखालच्या कुंडीला तो पाऊस कुठला? क्षार साठले, की माती ओली असूनही मुळांना पाणी घेता येत नाही. पानांच्या कडा करपतात. आपल्याला वाटतं झाड तहानलं, म्हणून आणखी तेच पाणी घालतो! कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तर मुळीच घालू नका. पाणी उडत गेल्यानं ते मूळ पाण्याहूनही खारट झालेलं असतं. कूलरच्या जाळीवरचा पांढरा थर त्याचीच खूण. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात.

कुंडीत नुसती काळी माती भरू नका. ती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. पोयटा, कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू मिसळा, तळाला भोकं ठेवा. बोटाची दोन पेरं माती सुकल्याशिवाय पाणी नको. पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा. छाटताना निघणारा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. लहान मुलं आणि जनावरं पान चावणार नाहीत, हेही पाहा.

जुलैच्या भिजपावसात कुंडी काही तास अंगणात ठेवा, साठलेले क्षार तळातून वाहून जातील. आणि खारपाणपट्ट्यातल्या श्रोत्यांना माझी कळकळीची विनंती आहे: यंदा मृगाच्या आधी पत्र्याच्या पन्हळीखाली एक टाकी लावा. पावसाचं ते गोडं पाणी झाकून ठेवा आणि उन्हाळ्यात झाडाला तेच द्या.