कुत्रा म्हणजे काय?



कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. हरकत नाही. आज घरी गेल्यावर चार वर्षांच्या नातवाला ‘कुत्रा म्हणजे काय’ हे सांगून बघा. आपण पटकन म्हणतो, ‘चार पायांचा पाळीव प्राणी.’ मग गायही कुत्रा आणि मांजरही कुत्रा! चौकात पडून असतो, ज्याला कोणीच पाळलेलं नाही, तो कोण? एक पाय गेल्यामुळे तीन पायांवर पळणारा? मूल त्यालाही बेधडक कुत्राच म्हणतं. मूल बरोबर असतं. व्याख्या आपली फसलेली असते.

मुलांसाठी शब्दकोश करताना दुसरी खोड प्रतिशब्दांची. ‘कुत्रा – श्वान’ असं वहीत उतरवून घेतात. अहो, मुलाच्या अंगणातला शब्द काढून घेतला आणि हातात पोथीतला दिला. मराठी-इंग्रजी कोश करणाऱ्या मोल्सवर्थला हे चालून गेलं. त्याचा कोश १८३१चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ची. साहेबाला कुत्रा ठाऊकच होता, हवा होता फक्त मराठी शब्द. मुलाला शब्दही हवा असतो आणि जगही. तिथे ‘कुत्रा म्हणजे भुंकणारा प्राणी’ आणि ‘भुंकणे म्हणजे कुत्र्याचे ओरडणे’ असं गोल फिरवून भागत नाही.

मुलं स्वतः अर्थ कसा लावतात ते पाहा. सव्वा-दीड वर्षाचं मूल गायीला, शेळीला, कधी घोड्यालाही ‘भू-भू’ म्हणतं. आपण हसतो. पण त्याच मुलापुढे चित्रं ठेवून ‘भू-भू कुठाय?’ विचारलं, तर पुष्कळदा ते बरोबर कुत्र्यावर बोट ठेवतं. म्हणजे फरक कळतो, शब्द कमी पडतात. हातात एकच शब्द असेल तर तोच सगळ्यांना वापरायचा, दुसरं काय करणार?

नवा शब्द दुसऱ्या वस्तूंना लावताना मुलं मुख्यतः आकार धरतात. इथे खुद्द एका कुत्र्याचीच गोष्ट सांगायला हवी. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी गेबल नावाच्या बॉर्डर कोली कुत्र्याला वस्तूंची नावं शिकवली आणि २०१२ साली निष्कर्ष छापले. नव्याने शिकलेलं नाव गेबल आकार पाहून नव्हे, तर वस्तू केवढी आहे ते पाहून दुसऱ्या वस्तूला लावत होता. ओळख वाढल्यावर तिचा पोत पाहून. त्याच जातीच्या अमेरिकेतल्या चेसर या कुत्रीला हजारावर खेळण्यांची नावं येत होती. शब्द मूल आणि कुत्रा दोघेही शिकतात, पण अर्थाची कड दोघांना वेगवेगळ्या जागी सापडते.

म्हणून माझा आग्रह असा, की मुलांच्या कोशात नामापेक्षा क्रियापदांवर जास्त शाई खर्च करा. कुत्रा दिसतो कसा, हे चित्र सांगेल. तो काय करतो आणि तेव्हा मी काय करायचं, हे शब्दांनी सांगायचं. मराठी इथे श्रीमंत आहे. भुंकणं, गुरगुरणं, केकाटणं, विव्हळणं ही चार निरनिराळी कामं आहेत आणि आपण सगळ्यांपुढे ‘कुत्र्याचा आवाज’ लिहून मोकळे होतो! मी असं लिहीन : ‘गुरगुरणे – कुत्रा घशातल्या घशात घर्रर्र करतो, कधी दातही दाखवतो. तो सांगतो, जवळ येऊ नकोस. आपण तिथेच थांबायचं.’ ‘केकाटणे – कुणी दगड मारला, पाय चेपला, की कुत्रा जोरात ओरडतो. त्याला दुखलेलं असतं.’ दुसरा अर्थ वाचलेलं पोर दगड उचलताना थांबेलच असं नाही. थांबलं तर बरं.

‘शेपूट हलवणे – आनंद होणे’ हा तर धोक्याचा अर्थ. सैल अंगाने, कमरेपासून हलणारी शेपटी वेगळी आणि ताठ उभारून झपझप हलवलेली वेगळी. इतका भेद मुलाला सांगायला हवा.

‘यू यू’, ‘हाड’ आणि ‘छू’ यांनाही कोशात जागा द्या. वाचता येण्याआधीच येणारे हे शब्द; शिवाय समोरच्या कुत्र्यालाही कळणारे. आणि ‘कुत्रं’ हे नपुंसकलिंगी रूप हिणवायलाही वापरतात, हे लपवू नका. दत्ताच्या तसबिरीत त्याच्या पायाशी चार कुत्री असतात, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही गोष्ट आजी सांगते, आणि तीच आजी रागावली की माणसाला ‘कुत्र्या’ म्हणते. मुलाला हे तिन्ही ऐकू येतं.

राहिला ‘पिसाळणे’. मुलं घाबरतील म्हणून हा शब्द गाळतात. गाळू नये. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. वेळेवर उपचार आणि लस घेतली तर टळतो. मुलं मात्र ओरडा बसेल म्हणून कुत्रा चावल्याचं लपवतात. तेव्हा मी लिहीन : ‘पिसाळणे – रेबीज हा रोग झाल्यावर कुत्रा विचित्र वागतो, समोर येईल त्याला चावू शकतो. पण कुठल्याही कुत्र्याने चावलं किंवा ओरखडलं, तरी लगेच घरच्यांना सांगायचं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जायचं. तुला कोणी रागावणार नाही.’

यातलं शेवटचं वाक्य खरं ठरवणं कोशकाराच्या हातात नाही, ते तुमच्याकडे आहे.