पार्किंगमधला लाल दिवा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण. छापण्यासाठी किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.)



सांस्कृतिक समितीने मला दहा मिनिटं आणि विषय दिलाय, ‘माझी इलेक्ट्रिक गाडी’. गाडीचं कौतुक लवकर उरकतो, कारण या गाडीने मला स्वतःपेक्षा आपल्या इमारतीबद्दल जास्त शिकवलं.

गाडी मी २०२२ मध्ये घेतली. बॅटरी ३० युनिटची. युनिट म्हणजे आपल्या बिलावर असतं तेच युनिट. एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. ऑफिसला जाऊन-येऊन माझे रोजचे ३५ किलोमीटर, म्हणजे पाच-सहा युनिट. १५ अँपियरच्या सॉकेटवर तासाला साधारण तीन युनिट भरतात, तेव्हा रोजचं काम दोन तासांत होतं. कोल्हापूरला जाताना मात्र वाटेत तासभर थांबावं लागतं. माझा चहा होतो, बायकोची खरेदी होते.

आता थोडं खरं बोलतो. “धूर नाही, म्हणजे प्रदूषण नाही” असं मीही सांगत फिरायचो. धूर माझ्या गाडीमागे नाही, पण कोराडी-चंद्रपूरला आहेच. आपल्या राज्याची बरीचशी वीज अजून कोळशावरच होते. बॅटरीचंही तसंच. गाडी आपल्या देशात तयार होते, पण आतले सेल बहुतांशी चीनमधून येतात. लिथियम ऑस्ट्रेलिया आणि चिलीमधून येतं, आणि त्याचं शुद्धीकरण मुख्यतः चीनमध्येच होतं. काही बॅटऱ्यांत लागणारा कोबाल्ट काँगोतून येतो आणि तिथल्या खाणींत लहान मुलंही राबतात. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट लागत नाही, म्हणून ती आता वाढते आहे. तरीही ही गाडी मला पटते. पेट्रोलची गाडी शेवटपर्यंत पेट्रोलच पिणार. हिची वीज उद्या उन्हातून आली, तर हीच गाडी आपोआप स्वच्छ होईल.

बेंगळुरूची रेव्हा आठवते का कुणाला? २००१ ची, खेळण्यासारखी दिसणारी. ती शिशाच्या बॅटरीवर चालायची. आपण इथे राहायला आलो तो हाच सुमार. तेव्हा आपल्या पार्किंगमध्ये स्कूटर जास्त आणि गाड्या चार. वायरिंगही त्याच हिशोबाने झालं. तिथे कुणी गाडीला वीज पाजेल, हे बिल्डरच्या स्वप्नातही नव्हतं.

तर, मी कमिटीकडे अर्ज केला. माझ्याच मीटरवरून पार्किंगपर्यंत केबल, बिल माझं, खर्च माझा. ए विंगच्या काकांनी लेखी हरकत घेतली. त्यांचं घर माझ्या पार्किंगच्या बरोबर वर. “आमच्या झोपायच्या खोलीखाली आग लागली तर?” असं त्यांनी विचारलं. मी केंद्र सरकारची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं छापून नेली. घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करता येते, असं त्यात स्पष्ट आहे. परवानगी मिळाली. पण सगळ्यांसमोर मी काकांना म्हणालो, “काका, तुम्हाला यातलं काही कळत नाही.” हे वाक्य तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलंय.

पहिल्याच रात्री गाडी लावली, तर चार्जरवर लाल दिवा. चार्जिंग बंद. मी शोरूमवर चिडलो. त्यांचा माणूस आला, गाडी घेऊन गेला, त्यांच्याकडे ती व्यवस्थित चार्ज झाली. इथे आणली की पुन्हा लाल. शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने सॉकेट तपासलं आणि म्हणाला, “साहेब, गाडी बरोबर सांगतेय. तुमच्या बिल्डिंगला अर्थिंगच नाही.”

या गाड्यांचा चार्जर आधी अर्थिंग बघतो. नसेल तर वीज घेतच नाही. आपला गिझर, वॉशिंग मशीन असं काही बघत नाहीत, ते मुकाट्याने चालत राहतात. तेव्हा मला बी विंगच्या काकू आठवल्या. मशीनला हात लावला की मुंग्या येतात, असं त्या दोन वर्षं सांगत होत्या. आपण सगळ्यांनी त्यांना काय सांगितलं? “चपला घालून कपडे काढा.”

शोध घेतला तेव्हा अर्थिंगचा खड्डा सापडला पेव्हर ब्लॉकखाली. तांब्याची पट्टी गंजून तुटलेली, माती कोरडी ठक्क. कंपाउंडला पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा तो बुजला होता. आणि मंडळी, त्या वर्षी सेक्रेटरी मीच होतो. कॉन्ट्रॅक्टरच्या बिलावर माझीच सही आहे. म्हणजे इतकी वर्षं चोवीस घरांतली मुलंबाळं ओल्या हातांनी गिझर लावत होती, आणि त्यांच्या पाठीशी काहीच नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी काकांकडे गेलो. धोका आहे हे त्यांचं म्हणणं खरं होतं, फक्त तो गाडीत नव्हता. काका म्हणाले, “मला कळत नाही ते खरंय, पण तुलाही कळत नव्हतं. चहा घेतोस?” पुढच्या सभेत नव्या अर्थिंगच्या ठरावाला अनुमोदन त्यांनीच दिलं. दोन नवे खड्डे झाले, वर उघडता येणारी झाकणं बसवली. काकूंच्या मुंग्या थांबल्या.

आज आपल्याकडे पाच इलेक्ट्रिक गाड्या आहेत. पाची रात्री नऊला एकदम लावल्या, तर पंधरा किलोवॅट, म्हणजे सात-आठ गिझर एकाच वेळी चालू. उद्या चोवीस झाल्या तर मुख्य केबलला ते झेपणार नाही. प्रत्येकाने आपापली केबल ओढण्यापेक्षा एकच पॅनेल, प्रत्येकाची वेगळी नोंद आणि रात्रीच्या पाळ्या, असा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेत येतोय. गाडी नसलेल्यांनी पॅनेलचा खर्च का द्यावा, असा प्रश्न येईल. माझ्या मते देऊ नये, तो गाडीवाल्यांनीच उचलावा. पण सभेला मात्र सगळ्यांनी यावं आणि शंका असतील त्या विचाराव्यात. कुणी “तुम्हाला कळत नाही” म्हणणार नाही, याची हमी माझी.

शेवटची एक विनंती. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यांत आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावं लागतं. हे काम तीन वर्षं मी करतोय. मी गावाला गेलो तर कुणीतरी ओता. झाकणं जिन्याच्या डाव्या हाताला आहेत.