कुंभारीण माशीचे चित्र

बेंगळूरू शहराच्या वायव्येस, तुमकूरूकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात आकारास आलेली ही वसाहत आज आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणली जाते. यंत्रांचे सुटे भाग, साचे आणि हत्यारे येथील लहानमोठ्या शेडमधून अहोरात्र तयार होत असतात. लेथच्या घरघरीत आणि तेलकट लोखंडाच्या वासात चित्रकलेचा धडा शोधायला सहसा कोणी जाणार नाही. परंतु ओली माती जवळपास मिळू लागली, की अशाच एखाद्या शेडच्या खिडकीवर बोराएवढे मातीचे गाडगे चिकटलेले दिसते. त्याला गोल पोट असते, आखूड मान असते आणि बाहेर वळवलेला काठही असतो. ते घडवणारी कारागीर म्हणजे कुंभारीण माशी. चोचीने कण वेचावेत तशी ती जबड्यांनी चिखलाची गोळी आणते आणि चाक नसताना भांडे घडवते.

या माशीचे चित्र काढावे असे त्या शेडमधील एखाद्या कारागिराला वाटले, तर बहुधा तो प्रथम संकोचेल. ‘आपल्याला चित्र येत नाही’, हे वाक्य अनेक जण शाळेतून निघताना बरोबर घेऊन येतात. वस्तुतः ज्याला यंत्रचित्र वाचता येते, त्याची निम्मी तयारी आधीच झालेली असते. आरेखक कोणत्याही भागाचे चित्र बाह्य कडेपासून सुरू करीत नाही. तो प्रथम मध्यरेषा आखतो. तिच्या दोन्ही अंगांना समान मापे टाकतो, मोठे आकार आधी बसवतो आणि बारीक तपशील शेवटी भरतो. कीटकाचे चित्र काढण्याची रीतही हीच आहे. कारण वरून पाहिले असता कीटकाचे डावे अंग आणि उजवे अंग एकमेकांची प्रतिबिंबे असतात.

पहिला प्रश्न नमुन्याचा. जिवंत माशी चित्रासाठी थांबत नाही. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंचा आपला प्रसिद्ध चित्रग्रंथ १६६५ साली प्रकाशित केला. त्यातील मुंगीचे चित्र काढताना मुंगी काही केल्या स्वस्थ बसेना. तेव्हा त्याने तिला मद्यात भिजवून गुंगवले. तासाभराहून अधिक वेळ ती निपचित पडली आणि मग एकाएकी उठून चालू लागली! नवशिक्याला इतके करण्याचे कारण नाही. दिव्याखाली आणि खिडकीच्या कठड्यावर आपोआप मेलेले कीटक पुष्कळ सापडतात. अशी एखादी माशी चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवावी. नांगीला बोट लावू नये. जवळ एक भिंग, एक पट्टी, कठीण शिशाची एक पेन्सिल आणि खोडरबर असले म्हणजे साहित्य पुरे झाले.

दुसरी पायरी मापाची. माशीची लांबी पट्टीने मोजावी. ती दोन सेंटिमीटर भरली आणि चित्र पाचपट काढायचे ठरले, तर कागदावर दहा सेंटिमीटरची उभी मध्यरेषा अगदी फिकट आखावी. मग मस्तक, वक्ष आणि उदर या तीन भागांची लांबी निरनिराळी मोजून त्या रेषेवर खुणा कराव्यात. मस्तकासाठी आडवा लंबगोल, वक्षासाठी भरीव गोलसर आकार आणि उदरासाठी थेंबासारखा आकार हलक्या हाताने काढावा. वक्ष आणि उदर यांना जोडणारा देठ कुंभारीण माशीत लांब व बारीक असतो. नवशिक्याला तो अशक्य वाटतो आणि त्याचा हात नकळत तो जाड करतो. अशा वेळी पुन्हा पट्टी लावावी.

तिसरी पायरी मोजदादीची, आणि खरी परीक्षा येथेच आहे. न पाहता काढलेल्या कीटकाच्या चित्रात पाय बहुधा साऱ्या अंगावर वाटून दिलेले असतात आणि पंख पाठीच्या मध्यावर कुठेतरी चिकटवलेले असतात. प्रत्यक्षात सहाही पाय वक्षालाच जोडलेले असतात. पंखांच्या दोन्ही जोड्याही वक्षावरच असतात. उदराला पाय नसतो. प्रत्येक पायाला शरीरालगत दोन आखूड खंड, नंतर मांडी, नंतर नडगी आणि शेवटी पाच लहान तुकड्यांचे पाऊल असते. पाय काढताना आधी फक्त सांध्यांचे ठिपके द्यावेत आणि ते सरळ रेषांनी जोडावेत. जाडी मागाहून भरावी. बसलेल्या माशीचा पुढचा पंख लांबीच्या दिशेने दुमडलेला असतो. म्हणून तो पानासारखा रुंद न दिसता अरुंद पट्टीसारखा दिसतो. जसा दिसतो तसाच तो काढावा.

चौथी पायरी मस्तकाची. दोन मोठे संयुक्त नेत्र बाजूंना असतात आणि त्यांची आतली कड खाचदार असते. डोक्याच्या माथ्यावर तीन साधे नेत्र त्रिकोणात बसलेले भिंगातून दिसतात. दोन शृंगिकांचे खंड मात्र सावकाश मोजावेत. मादीच्या शृंगिकेत ते बारा असतात, नराच्या शृंगिकेत तेरा. एका खंडाची चूक झाली, तर चित्रात मादीचा नर होतो. आणि गाडगे घडवणारी तर नेहमी मादीच असते. हे सारे झाल्यावर बाह्यरेषा ठळक करावी, मध्यरेषा पुसावी आणि छाया शेवटी द्यावी. छायेसाठी पेन्सिल घासण्यापेक्षा ठिपके बरे. जेथे गडद तेथे दाट, जेथे उजळ तेथे विरळ.

येथवर यंत्रचित्राची वाट आणि कीटकचित्राची वाट बरोबर चालत आली. यापुढे त्या वेगळ्या होतात. कारखान्यात चित्र आधी असते आणि वस्तू मागाहून घडते. तयार नग चित्राशी जुळला नाही, तर तो नग नाकारला जातो. कीटकाच्या बाबतीत हा न्याय उलटा आहे. येथे वस्तू आधी आहे, ती आपल्या जागी बिनचूक आहे, आणि दोघांत फरक पडला तर नाकारायचे ते चित्र. हाताला सवय असते ऐकलेले, वाचलेले, गृहीत धरलेले कागदावर उतरवण्याची. ती सवय मोडणे हाच या धड्याचा खरा हेतू आहे.

गृहीत धरण्याची सवय किती जुनी आहे, हे याच माशीच्या कथेवरून कळते. कीटक-भृंगी न्याय मराठी माणसाला कीर्तनातून आणि प्रवचनातून परिचित आहे. भृंगी एका आळीला आपल्या घरात कोंडते. आळी भयाने तिचेच अखंड चिंतन करते आणि अखेर स्वतः भृंगी होऊन बाहेर पडते, असा तो दृष्टांत. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंमध्ये या माशीला स्थान आहे. त्याच स्कंधावरील एकनाथांची मराठी टीका १५७३ साली काशीत पूर्ण झाली. ध्यानाचा महिमा सांगणारा दृष्टांत म्हणून त्याची थोरवी कमी होत नाही. पण घडते ते निराळे. कुंभारीण प्रथम गाडग्याच्या छताला बारीक तंतूने अंडे टांगते. मग नांगीने लुळ्या केलेल्या आळ्या आणून आत भरते आणि तोंड मातीने बंद करते. अंड्यातून निघालेले पिल्लू त्या आळ्यांवर वाढते, आतच कोषात जाते आणि माशी होऊन भिंत फोडते. आळी आत गेली आणि माशी बाहेर आली, हे पाहणाऱ्यांनी खरोखरच पाहिले होते. त्यांच्या हातून मधली पायरी तेवढी राहिली. आतील चित्र कोणी काढले नव्हते.

पीण्यापासून फार दूर नसलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत याच कुळातील दुसऱ्या एका माशीचा अभ्यास अनेक वर्षे झाला आहे. डॉ. राघवेंद्र गदगकर आणि त्यांचे सहकारी यांनी कागदासारखी घरटी बांधणाऱ्या रोपालिडिया मार्जिनाटा या माशीची वसाहत समजून घेतली ती प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन, म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या जिवांना निरनिराळे ओळखून. या माशीची राणी इतरांवर दांडगाई करीत नाही; ती शांतपणे वावरते. म्हणून वरवर पाहणाऱ्याला ती कळतही नाही. ठिपके होते म्हणून ती कळली.

चित्र पूर्ण झाल्यावर त्याखाली चार गोष्टी लिहिण्यास विसरू नये: तारीख, ठिकाण, किती पट मोठे काढले ते, आणि नमुना कोठे सापडला ते. जवळच एक सेंटिमीटर खऱ्या मापाचे किती होते, हे दाखवणारी लहान रेघ आखावी. एवढ्याने हौसेचे चित्र नोंद बनते आणि दुसऱ्या कोणालाही ते तपासता येते. पहिले चित्र वाकडे येईल. देठ जाड होईल, एखादा पाय उदराला चिकटेल. तो कागद फाडू नये. त्याच्या शेजारी दुसरा कागद ठेवावा, माशी पुन्हा भिंगाखाली घ्यावी आणि पाय पुन्हा मोजावेत. तोवर खिडकीच्या चौकटीवर दुसरे गाडगे सुरू झालेले असेल.