म्हाताऱ्याकडून हरलेला चॅम्पियन

(२०२५ च्या गणेशोत्सवात, तिसऱ्या दिवशी, सदर बाजारातील आपल्या मंडपात सायंआरतीनंतर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून लिहिले आहे.)



चिटणीसांनी मला गाठले आणि म्हणाले, "तिसऱ्या दिवशी २९ ऑगस्ट येतो आहे. दद्दांचा जन्मदिवस, राष्ट्रीय क्रीडा दिन. तुम्ही फौजेत बॉक्सिंग करत होतात, तेव्हा खेळावर काहीतरी बोला." आता झाशीत राहून मेजर ध्यानचंदांच्या जन्मदिवशी हॉकी सोडून बॉक्सिंगवर बोलायचे, म्हणजे पंढरपुरात राहून एकादशीला कांदाभजी मागण्यासारखे आहे. तरीही हो म्हणालो, कारण मार्चपासून एक गोष्ट डोक्यात घोळत होती.

आम्ही चार पेन्शनर सकाळी फिरून झाल्यावर सदर बाजारात चहाला टेकतो. दोघे रेल्वेतले, एक बीएचईएलमधून निवृत्त झालेला आणि मी. २१ मार्चला अमेरिकेचा जॉर्ज फोरमन वारला. त्याची बातमी एकाने मोठ्याने वाचून दाखवली. ४५ व्या वर्षी हेवीवेट जगज्जेता, एवढ्या वयात हे कुणीच केले नव्हते वगैरे. सगळ्यांनी वा वा केले. बीएचईएलवाल्या मित्राने विचारले, "आणि हरला तो कोण?" मी म्हणालो, "मायकेल मूरर." तो म्हणाला, "कोण मूरर?" आणि सगळे हसले. मी हसलो नाही. मला ते जरा जास्तच लागले. का लागले ते सांगेनच, पण आधी मूररविषयी.

हा मूरर कुणी सोम्यागोम्या नव्हता. आधी लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला, मग वजन वाढवून हेवीवेटमध्ये आला आणि एप्रिल १९९४ मध्ये त्याने इव्हँडर होलिफील्डला हरवले. हेवीवेटचा जगज्जेता होणारा तो पहिला डावखुरा. वय २६, लढती ३५, पराभव शून्य. आता म्हातारा पाहा. फोरमन १९७३ साली जगज्जेता झाला होता आणि १९७४ साली किन्शासा येथे महंमद अलीने त्याच्याकडून ते पद घेतले. १९७७ मध्ये तो बॉक्सिंग सोडून धर्मोपदेशक झाला आणि दहा वर्षांनी पुन्हा रिंगमध्ये आला. डोक्यावरचे केस गेलेले, पोट सुटलेले. १९९१ मध्ये होलिफील्डकडून हरला, १९९३ मध्ये टॉमी मॉरिसनकडून हरला. म्हणजे मूररसमोर आला तो आदल्याच लढतीत हरून. लोकांना वाटले, हा जुना माणूस पैशासाठी एकदा मार खाणार आणि घरी जाणार.

५ नोव्हेंबर १९९४, लास व्हेगास. फोरमनने वीस वर्षांपूर्वी अलीविरुद्ध घातलेली तीच लाल चड्डी घातली होती. गंमत म्हणजे त्या वेळी अलीच्या कोपऱ्यात बसलेला अँजेलो डंडी या वेळी फोरमनच्या कोपऱ्यात होता. नऊ राउंड मूरर ठोकत होता. पंचांच्या कागदावर दोघांनी ८८-८३ आणि एकाने ८६-८५ असे गुण मूररला दिले होते. त्याचा उस्ताद टेडी ॲटलस ओरडून थकला की म्हाताऱ्यासमोर उभा राहू नकोस, सरकत राहा. मूरर उभा राहिला. दहाव्या राउंडमध्ये फोरमनच्या उजव्या हाताचा एक आखूड, सरळ ठोसा हनुवटीवर बसला आणि मूरर पाठीवर पडला. दहा आकडे मोजून झाले तरी तो उठला नाही. फोरमन कोपऱ्यात गुडघे टेकून प्रार्थना करत होता.

तो क्षण जगाने पाहिला आणि मूररची ओळख कायमची ठरली. पुढे १९९६ साली डॉर्टमुंडला ॲक्सेल शुल्झला हरवून तो पुन्हा जगज्जेता झाला, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याच्या वजनगटाच्या इतिहासातले त्याचे स्थान खरे तर भक्कम आहे. पण फोरमन गेल्याच्या बातमीत तो कुठे होता? फोरमनच्या गोष्टीतल्या एका वाक्यात, आडवा पडलेला.

मंडळी, हा हिशेब मोठा विचित्र आहे. तरुण चॅम्पियनने म्हाताऱ्याला हरवले तर जमेच्या बाजूला काही पडत नाही. १९८० साली लॅरी होम्सने अडतीस वर्षांच्या अलीला असे झोडपले की अलीच्या कोपऱ्यानेच लढत थांबवली. होम्सची वाहवा झाली का? उलट लोकांचा त्याच्यावर राग. आणि हरलात तर सगळे नावेच्या बाजूला, व्याजासकट. याच होम्सने पुढे १९९२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, सोल ऑलिंपिकचा सुवर्णविजेता आणि तोवर अपराजित असलेल्या रे मर्सरला बारा राउंड खेळवून हरवले. मर्सर त्यानंतर बराच काळ लढला, पण त्याच्या नावापुढचे ते शून्य म्हाताऱ्याने घालवले ते घालवलेच.

लिऑन स्पिंक्सचे त्याहून वाईट. १९७६ चा ऑलिंपिक सुवर्णविजेता. व्यावसायिक झाल्यावर आठव्याच लढतीत, फेब्रुवारी १९७८ मध्ये, त्याने साक्षात अलीला हरवले. सात महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सला ३६ वर्षांच्या अलीने पद परत घेतले. स्पिंक्सला पुन्हा ते कधी मिळाले नाही. त्या दुसऱ्या लढतीच्या वेळी मी फौजेत नवा होतो. बराकीत अलीचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवला होता. स्पिंक्सचा फोटो कुणी चिकटवला नव्हता, मीसुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचे काय घेऊन बसलात, आपल्याकडचे सांगा. आपल्याकडे कुस्ती. ग्वाल्हेरच्या गाडीत बसलात की अर्ध्या तासात दतिया येते. गामा पैलवान दतिया दरबारचा. तरुण गामाला रहीमबक्ष सुलतानीवाला या वयाने मोठ्या मल्लाला चीत करता येईना. लोक कुस्तीला बरोबरीत सुटली म्हणत, पण जुना खांब हलला नाही ही बोचणी गामाला राहिली असणारच. लंडनहून नाव करून परतल्यावर अलाहाबादला त्याने रहीमबक्षला हरवले, तेव्हा कुठे तो प्रश्न मिटला. त्याच लंडनमध्ये १९१० साली पोलंडचा झिबिस्को अडीच तास गामाखाली जमिनीला चिकटून राहिला होता आणि पुढच्या शनिवारी फिरकलाच नाही. हा झिबिस्को पुढे काय करतो पाहा. १९२५ मध्ये, पंचेचाळिशीच्या आसपास असताना, त्याने फिलाडेल्फियात वेन मन नावाच्या तरुण जगज्जेत्याला उचलून आपटले, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मन मूळचा फुटबॉलवाला, धिप्पाड आणि देखणा, पण कुस्ती बेताची. त्याचे जगज्जेतेपद ठरवून दिलेले होते आणि झिबिस्कोने ठरल्याप्रमाणे हरायला ऐन वेळी नकार दिला. मनचे नाव आज त्या फसगतीपुरतेच उरले आहे. तीन वर्षांनी, १९२८ मध्ये, पतियाळाला गामाने याच झिबिस्कोला एका मिनिटाच्या आत चीत केले. तेव्हा दोघेही पन्नाशीच्या घरात होते, त्यामुळे कुणाच्या नावाला धक्का बसला नाही.

म्हणजे काही वेळा म्हातारा चॅम्पियनचे खरे पितळ उघडे पाडतो. मनचे पाडले. मूररचे मात्र तसे नाही, आणि लोक दोघांना एकाच तागडीत घालतात ही माझी तक्रार आहे. ज्यांनी रिंगमध्ये पाय ठेवला आहे त्यांना विचारा, वयाने आधी पाय जातात. मग नजर जाते, म्हणजे ठोसा येताना दिसतो पण डोके बाजूला व्हायला उशीर होतो. ठोशाचा जोर सर्वांत शेवटी जातो. तो खांद्यातून नव्हे, टाचेपासून कमरेच्या वळणातून येतो आणि ते वळण एकदा अंगात बसले की वीस वर्षांनी पण तिथेच असते. म्हाताऱ्याला तीस ठोसे मारण्याची ताकद नसते, म्हणून तो एकाची वाट पाहतो. तरुणाला वाटते, हा थकला. नऊ राउंड जिंकणे हाच त्याचा सापळा होतो. मूरर कमी पडला तो त्या एका गोष्टीत, बाकी लढत त्याचीच होती.

आणि हे डाग पुसले जातात का? जातात, पण त्यावर दुसरे काही मोठे ठेवावे लागते. २८ डिसेंबर २०१९ ला दिल्लीत ऑलिंपिक पात्रतेच्या संघासाठी चाचणी लढत झाली. मेरी कोम ३७ वर्षांची, निखत झरीन २३ वर्षांची. निखतने आधी क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून ही चाचणी मागितली होती, म्हणजे सगळ्या देशाचे लक्ष. मेरी कोम ९-१ ने जिंकली आणि हस्तांदोलन न करता निघून गेली. ज्युनियर गटातली जगज्जेती, भविष्यातली चॅम्पियन म्हणून जिच्याकडे बोट दाखवत होते, ती एका मुलांच्या आईकडून सरळ हरली. त्या दिवशी तिची जी थट्टा झाली ती मी स्वतः ऐकली आहे, याच बाजारात. मे २०२२ मध्ये निखत इस्तंबूलला जगज्जेती झाली, २०२३ मध्ये दिल्लीत पुन्हा झाली. आज ती २०१९ ची लढत तिच्या चरित्रात पायरीसारखी सांगतात. पॅरिसला तिला पदक मिळाले नाही, पण "मेरीकडून हरलेली" असे कुणी म्हणत नाही.

दद्दांचा विषय टाळतो आहे असे वाटू नये. १९४७-४८ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी ते भारतीय संघाबरोबर पूर्व आफ्रिकेत खेळून आले. त्यांच्याकडून हरलेल्या तिथल्या खेळाडूंनी ते नातवंडांना अभिमानाने सांगितले असेल अशी माझी खात्री आहे. हॉकीत अकरा जण हरतात, लाज अकरा ठिकाणी वाटली जाते. रिंगमध्ये वाटणी नसते.

आता ते लागले का, ते.

१९७९ ची गोष्ट. मी २२ वर्षांचा, आमच्या पलटणीचा सलग दोन वर्षांचा वेल्टरवेट चॅम्पियन. कंपन्यांच्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत माझ्यासमोर एक पहाडी हवालदार आला. पेन्शनला निघालेला. त्याच्या कंपनीत दुसरा कुणी त्या वजनात नव्हता, म्हणून त्याला उभा केला होता. जवान त्याला बुढ्ढा म्हणत. पहिले दोन राउंड मी नाचत होतो आणि तो ग्लोव्ह्ज वर धरून नुसता माझ्याकडे वळत होता. माझी कंपनी शिट्ट्या वाजवत होती. मला वाटले, आता तिसऱ्यात जरा रंगत आणू. आत शिरलो आणि बरगडीखाली एकच बसला. वेदना लगेच येत नाही, आधी श्वास जातो. मी गुडघ्यांवर होतो आणि पंचाचे आकडे मला स्पष्ट ऐकू येत होते. आठ, नऊ. पाय ऐकत नव्हते.

त्यानंतर मी चौदा वर्षे फौजेत होतो. जिथे बदली झाली तिथे माझ्या आधी ती गोष्ट पोहोचलेली असे. "अच्छा, वही, जिसे बुढ्ढे ने गिराया." दोन वर्षांचे चॅम्पियनपद कुणाला आठवत नसे. मी हसून घेत असे. लग्न ठरवताना सासऱ्यांना पण कुणीतरी ते सांगितले होते. सौभाग्यवती इथे बसल्या आहेत, त्या साक्ष देतील.

लढतीनंतर दोन आठवड्यांनी तो हवालदार माझ्याकडे आला. त्याला पेन्शनचे कागद भरून हवे होते आणि माझे अक्षर चांगले होते. मी जन्मतारखेच्या रकान्यात पाहिले. वय निघाले ३५. मी चमकलो. ज्याला सगळी पलटण म्हातारा म्हणत होती तो ३५ चा! आता भरतीच्या वेळी लिहिलेली तारीख कितपत खरी, ते त्याच्या आईलाच ठाऊक. पण आज माझा मुलगा चाळिशीचा आहे आणि त्याला कुणी म्हातारा म्हटले तर मी भांडायला उठेन.

कागद घेऊन तो निघाला. दारात थांबून म्हणाला, "मराठे, अगले साल लड़ोगे ना?" मी म्हणालो, "जी उस्ताद, ज़रूर."

मूरर पुन्हा उतरला. निखत उतरली. गेल्या वर्षी, २०२४ मध्ये, मूररला अमेरिकेतल्या बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतले, पराभवाला तीस वर्षे होत आली तेव्हा. चहाच्या टेबलावर हे मला सांगायचे होते, पण तोवर विषय बदलून महागाईवर गेला होता.

पुढच्या साली स्पर्धेची यादी लागली. माझ्या वजनात माझे नाव नव्हते. मनगट दुखते असे मी सुभेदारसाहेबांना सांगितले होते. मनगटाला काहीही झालेले नव्हते. हे मी आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगतो आहे.

गणपती बाप्पा मोरया!