जुन्या गाड्यावर नवी तोफ
(केळझर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी आणि भीमाने बकासुराला मारले ते इथेच, अशी या परिसराची श्रद्धा. तेव्हा 'भीम' नावाच्या तोफेची हकीकत सांगायला याहून योग्य गाव कोणते? अर्जुन रणगाड्याचा सांगाडा घ्यायचा, त्यावर दक्षिण आफ्रिकेच्या डेनेल कंपनीचा टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, चढवायचा, त्यात 155 मिमीची लांब नळी. असा तो बेत होता. 2005 मध्ये डेनेलला भारताने काळ्या यादीत टाकले आणि भीमाचा प्रवास तिथेच थांबला. तोफ वाईट ठरली म्हणून नव्हे, व्यवहारच बसला.

त्याआधीचा प्रयोग मात्र प्रत्यक्षात उतरला होता. सोव्हिएत बनावटीची 130 मिमीची एम-46 ही तोफ 1971 च्या युद्धात होती आणि 1999 ला कारगिलच्या डोंगरातही गरजली. पल्ला 27 किलोमीटर. तिला ओढायला ट्रक लागतो, आणि वाळवंटात रणगाडे पुढे गेले की ओढत नेलेली तोफ मागे पडते. मग आपल्या अभियंत्यांनी विजयंता रणगाड्याचा सांगाडा लांब केला, टरेट काढून टाकला आणि एम-46 त्यावर बसवली. तिचे नाव कॅटापल्ट. डोक्यावर छत, बाजू उघड्या. तोफ डावी-उजवीकडे थोडीच वळते. जास्त वळवायची तर अख्खी गाडी फिरवा. देखणी नव्हती, पण वर्षानुवर्षे सेवेत राहिली.

आता शौकिनांचा आवडता खेळ: याच कॅटापल्टवर 155 मिमीची नळी बसवली तर? कागदावर हे पाच मिनिटांचे काम. 130 चा गोळा साधारण 33 किलोचा, 155 चा 43 किलोच्या पुढे. 45 कॅलिबरची नळी म्हणजे लांबी व्यासाच्या 45 पट, जवळपास 7 मीटर. गोळा जड झाला की मागे बसणारा धक्काही वाढतो, आणि तो झेलायचा कोणी? जमिनीवरच्या तोफेचे पाय मातीत रुततात. गाडीवर तोच धक्का सांगाड्याला, सस्पेन्शनला आणि पट्ट्यांना सोसावा लागतो. नळी उंच उचलली की तिचे मागचे टोक खाली जाते; तिथे तळ आडवा आला तर उंच कोनातला मारा विसरा. शिवाय 130 चा चार्ज, म्हणजे गोळा फेकणारी दारू, धातूच्या पुंगळीत येतो आणि तीच पुंगळी वायू अडवते. 155 चा चार्ज पुंगळीविना असतो, म्हणून ब्रीचलाच, म्हणजे नळीच्या मागच्या झडपेला, वायू कोंडून धरावा लागतो. नळी बदलायला निघालेला माणूस शेवटी सगळी तोफच बदलतो.

हे सगळे जमिनीवर करून दाखवले ते 'शारंग'ने. एम-46 ला 155 मिमी, 45 कॅलिबरची नळी. आयुध निर्माणी मंडळाला 2018 मध्ये 300 तोफांचे काम मिळाले. पल्ला 27 वरून 36 किलोमीटरच्या वर गेला आणि गोळ्यातली स्फोटक दारूही बरीच वाढली. शारंग जमली याचे एक कारण तिच्या चाकांत आहे: रणगाड्याचा सांगाडा मध्ये नसल्यामुळे निम्मी डोकेदुखी आधीच टळली.

गाडीवरची डोकेदुखी काय असते ते पोलंडला विचारावे. त्यांच्या क्रॅब तोफेला ब्रिटिश एएस-90 चा टरेट मिळाला, पण देशी सांगाड्याला तडे गेले. अखेर कोरियन के-9 चा सांगाडा घ्यावा लागला. उलट अमेरिकेची एम-109 पाहा. 1960 च्या दशकात ती 23 कॅलिबरची आखूड नळी घेऊन आली, पुढे 39 ची झाली, आणि स्विस लोकांनी त्याच गाडीवर 47 कॅलिबर बसवून पल्ला 36 किलोमीटरपर्यंत नेला. मग अमेरिकनांनी हव्यास धरला: 58 कॅलिबर, सुमारे 9 मीटरची नळी. डिसेंबर 2020 मध्ये युमाच्या मैदानावर तिने 70 किलोमीटरवरचे लक्ष्य टिपले. पण थोड्याच माऱ्यात नळी झिजू लागली आणि 2024 मध्ये ती योजना गुंडाळली गेली.

तोफेची भूक बकासुराची. गाडाभर अन्न रोज हवे. म्हणून नळी कोणती हा प्रश्न खरे तर गोळा कोणता, असा विचारायला हवा, आणि त्याचे उत्तर विदर्भात सापडते. अंबाझरीच्या निर्माणीत गोळ्यांची पोलादी खोळ तयार होते, भद्रावतीच्या चांदा निर्माणीत दारू भरली जाते, आणि साठवणीसाठी याच वर्धा जिल्ह्यात पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. आपल्या बोफोर्स, धनुष, शारंग आणि कोरियन के-9 वरून घडलेली वज्र या सगळ्या तोफांचा व्यास एकच, 155. या पंगतीत 130 च्या तोफेसाठी वेगळे ताट मांडावे लागते. हिशेबनिसाला ते परवडत नाही, मग तोफ कितीही गुणी असो.

कॅटापल्टला अर्जुनचा सांगाडा देण्याचाही विचार झाला; 2014 मध्ये अशा 40 गाड्यांना मंजुरी मिळाली. नळी मात्र तीच जुनी 130 ची. सांगाडा नवा आणि गोळा जुना, हा सौदा उलटाच वाटतो. तोवर लष्कराची नजर के-9 वज्रकडे वळली होती. 9 नोव्हेंबर 2018 ला नाशिकजवळच्या देवळालीत ती तोफखान्यात दाखल झाली. पहिल्या 100 तोफा लार्सन अँड टुब्रोने 2021 पर्यंत दिल्या. डिसेंबर 2024 मध्ये आणखी 100 वज्रांचा करार झाला, 7,629 कोटी रुपयांचा.