परदेशी परवान्याची वाट गावच्या दप्तरातून जाते

लोणी येथे चार वर्षे परिचर्येचे शिक्षण घेतलेली मुलगी जर्मनीतील श्टुटगार्ट शहरी उतरली, की त्या देशाच्या दप्तरी तिची नोंद 'परदेशात शिकलेली परिचारिका' अशी होते. येथील पदवी, येथील नोंदणी आणि येथील रुग्णसेवेचा अनुभव तेथे आपोआप ग्राह्य धरला जात नाही. तो तपासला जातो, कमी पडेल तेथे परीक्षा घेतली जाते आणि मगच परवाना मिळतो. ही परीक्षा पुष्कळांच्या समजुतीप्रमाणे विमानतळाच्या पलीकडे सुरू होते. प्रत्यक्षात तिचा पहिला पेपर गावच्या शाळेत आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत लिहिला जातो. म्हणूनच हा विषय केवळ रुग्णालयांचा नसून शिक्षकांचा आणि पंचायत सदस्यांचाही आहे.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. लोणीची प्रवरा संस्था, नगर शहरातील बूथ हॉस्पिटल, विळद घाटातील परिचर्या महाविद्यालय अशा ठिकाणी जिल्ह्यातील शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतील मुली, आणि आता काही मुलगेही, हे शिक्षण घेत आले आहेत. इकडे जगात परिचारिकांची टंचाई आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2023 साली जगभर सुमारे 2 कोटी 98 लक्ष परिचारिका होत्या आणि तरीही सुमारे 58 लक्ष कमी पडत होत्या. श्रीमंत देशांत काम करणाऱ्या परिचारिकांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा अन्य देशांत जन्मलेल्यांचा आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, त्यात परिचर्येचा समावेश आहे. मुंबई आणि त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट यांचे भगिनी-शहर म्हणून नाते तर 1968 पासूनचे. तथापि करार म्हणजे नेमणूक नव्हे, हे उमेदवारांना आणि त्यांच्या पालकांना आरंभीच स्पष्ट सांगितले पाहिजे.

कागदपत्रांचा प्रश्न प्रथम घ्यावा लागतो, कारण सर्वाधिक उमेदवार तेथेच अडखळतात. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टावर तो बदलतो. लग्नानंतर मुलीच्या नावातील दोन तृतीयांश भाग बदलतो. वडिलांच्या जागी पतीचे नाव येते, आडनावही नवे होते. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. परंतु लंडन किंवा फिलाडेल्फिया येथे कागद तपासणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे दहावीचे प्रमाणपत्र, परिचर्येची गुणपत्रिका, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आणि पासपोर्ट असे चार कागद येतात तेव्हा त्याला त्यांत दोन किंवा तीन वेगवेगळ्या स्त्रिया दिसतात. रोमन लिपीतील एखाद्या अक्षराचा फरकही पुरेसा होतो. सुनीता या नावात एका कागदावर 'आय' आणि दुसऱ्यावर दोन 'ई' असले, की खुलासा मागविला जातो आणि त्यात महिने जातात.

जन्मतारखेची कथा याहून जुनी आहे. शाळेत नाव घालताना जन्मदाखला नसेल तर 1 जून ही तारीख लिहून मोकळे होण्याची आपल्याकडे परंपराच होती. गावोगावच्या हजेरीपटात त्या दिवशी जन्मलेल्यांची संख्या पाहिली, तर महाराष्ट्रात जून उजाडताच सारे पाळणे हलू लागत असावेत, असे वाटेल! त्या वेळी ती केवळ सोय होती. वीस वर्षांनी जन्मनोंदवहीतील खरी तारीख आणि शाळेतील तारीख समोरासमोर येतात आणि त्याची किंमत त्या मुलीला मोजावी लागते. काही जन्मनोंदींत तर बाळाचे नावच घातलेले नसते. ते घालण्यासाठी नियमाने नोंदणीपासून 15 वर्षांची मुदत आहे, पण घरच्यांना तिची आठवण बहुधा मुदत टळल्यावर होते. जनरल रजिस्टरमधील चूक मुलगी शाळेत असेपर्यंत दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते. दहावीचे प्रमाणपत्र हाती पडल्यानंतर मात्र राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि मंडळाच्या कार्यालयातील फेऱ्या मागे लागतात. 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव हा क्रम अनिवार्य झाला आहे. त्या पिढीचे कागद तरी पहिल्या नोंदीपासून एकसारखे राहतील, ही जबाबदारी नोंद घेणाऱ्यांवर आहे.

अभ्यासक्रमाची निवड हीदेखील गावातच होते आणि पुष्कळदा ऐकीव माहितीवर होते. दोन वर्षांचा ए.एन.एम. अभ्यासक्रम आपल्या उपकेंद्रांसाठी अत्यंत मोलाचा आहे. परंतु परदेशातील नोंदणीकृत परिचारिकेच्या परवान्यास तो सामान्यतः पुरेसा धरला जात नाही. त्यासाठी तीन वर्षांचा जी.एन.एम. किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम लागतो. प्रवेशापूर्वी हे सांगणारा एखादा शिक्षक भेटला, तर मागाहून होणारी निराशा टळते. शिकत असतानाच प्रत्येक विषयाचे वर्गातील तास आणि रुग्णालयातील प्रात्यक्षिकाचे तास यांची नोंद जपून ठेवावी लागते. अमेरिकेत बालरोग, प्रसूती, मानसोपचार अशा शाखांतील शिक्षण स्वतंत्रपणे पाहिले जाते. शिवाय परिषद, विद्यापीठ किंवा महाविद्यालय यांच्याकडून येणारी पडताळणी थेट त्या परदेशी संस्थेकडे जावी लागते. उमेदवाराने स्वतः पाठविलेली प्रत चालत नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयातील लिपिकाने असा अर्ज आठवडाभर बाजूला ठेवला, तर एका नेमणुकीवर पाणी पडू शकते.

आता प्रत्यक्ष परीक्षांकडे वळू. अमेरिकेची एनक्लेक्स परीक्षा 1994 पासून संगणकावर घेतली जाते. तिचे वैशिष्ट्य असे, की उमेदवाराच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न ठरवितो. कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न आणि पाच तासांचा अवधी असतो. आपल्याकडील परीक्षेत 'क्षयरोगाची लक्षणे लिहा' असे विचारले जाते आणि पाठांतर उपयोगी पडते. तेथे विचारले जाते ते असे : चार रुग्ण समोर आहेत, प्रथम कोणाकडे जाल? चारही पर्याय बरोबर वाटतात आणि त्यांतील सर्वांत निकडीचा ओळखावा लागतो. पाठ केलेले येथे थोडेच कामास येते. रोज असे प्रश्न सोडवून प्रत्येक चुकलेल्या उत्तराचे कारण शोधणे हीच खरी तयारी होय. परीक्षा उत्तीर्ण झाली तरी भारतात जन्मलेल्या अर्जदारांना अमेरिकेच्या स्थायी व्हिसासाठी अनेक वर्षे थांबावे लागते. खासगी वर्गांच्या जाहिरातींत ही गोष्ट क्वचितच आढळते.

ब्रिटनच्या परीक्षेचे दोन भाग आहेत. पहिला संगणकावरील असून तो भारतात देता येतो. दुसरा प्रात्यक्षिकाचा, दहा टप्प्यांचा आणि केवळ ब्रिटनमध्ये होणारा. त्यात हात धुणे, रुग्णास त्याचे नाव विचारणे, त्याची संमती घेणे आणि आपण काय करीत आहोत ते त्याला सांगत जाणे, या प्रत्येक गोष्टीकडे परीक्षकाचे लक्ष असते. आपल्या गर्दीच्या वॉर्डात एका परिचारिकेच्या वाट्याला इतके रुग्ण येतात, की बोलण्यास उसंत नसते. हातांना कौशल्य असते, पण ते शब्दांत मांडण्याची सवय नसते. या जिल्ह्यातच जामखेड येथे 1970 पासून आरोळे दांपत्याने खेड्यातील, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. दाखवून, करून घेऊन, पुन्हा पुन्हा बोलवून घेऊन शिकविण्याची ती रीत होती. परिचर्या महाविद्यालयांना प्रात्यक्षिकाच्या सरावासाठी नमुना हवा असेल, तर तो फार दूर शोधावा लागणार नाही.

जर्मनीत कागदांची तुलना करून उणिवा दाखविणारे पत्र मिळते. त्या भरून काढण्यासाठी अनुकूलन अभ्यासक्रम किंवा ज्ञानपरीक्षा असा पर्याय असतो. पूर्ण परवान्यासाठी सामान्यतः बी-2 या पातळीची जर्मन भाषा लागते. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीसाठी हे काम दीड-दोन महिन्यांचे नसते. रोजच्या अभ्यासाने वर्ष सहज जाते. तथापि तिला एक गोष्ट अनुकूल आहे. तीन लिंगांचे व्याकरण तिला नवे नाही, मराठीनेच ते तिला दिलेले आहे. भाषेइतकीच कामाची रीतही समजून घ्यावी लागते. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणे, भरविणे ही कामे बहुधा नातेवाईक करतात. तेथे ती प्रशिक्षित परिचारिकेचीच कामे मानली जातात. आधी कल्पना नसेल तर पदवीधर मुलीला त्यात कमीपणा वाटतो आणि पहिल्या काही महिन्यांतच मन उचटते.

यानंतरचा धोका पैशाचा. आखातातील नेमणुकांत फसवणुकीचे प्रकार घडल्यावर केंद्र शासनाने 2015 मध्ये, सौदी अरेबिया, कुवेत, कतार यांसह 18 देशांत जाणाऱ्या परिचारिकांना, त्या दहावीच्या पुढे शिकलेल्या असल्या तरी, उत्प्रवास परवानगी आवश्यक केली आणि भरतीचे काम प्रामुख्याने शासकीय संस्थांकडे सोपविले. नोंदणीकृत मध्यस्थास नियमाने 30,000 रुपये व त्यावरील कर एवढेच सेवाशुल्क घेता येते. जेथे लाखांची भाषा होते, जेथे पर्यटक व्हिसावर आधी चला असे सांगितले जाते किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली जातात, तेथे व्यवहार थांबवावा. मध्यस्थाचे नाव शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. शेत गहाण टाकण्यापूर्वी एवढी चौकशी करून देणे ग्रामपंचायतीच्या कोणत्याही जाणत्या सदस्याला अवघड नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मुली परदेशी गेल्या तर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांचे काय? रिकामी पदे ही वस्तुस्थिती आहे. परंतु त्यांचे कारण परदेशगमन एवढेच नाही. कंत्राटी नेमणुका, खासगी रुग्णालयांतील तुटपुंजे वेतन आणि दूरच्या केंद्रांवर राहण्याची गैरसोय ही कारणे घरचीच आहेत. मुलीचे कागद अडवून ती दूर होणार नाहीत. ज्या परिचारिकेला संवाद, नोंदी आणि निकडीचा निर्णय यांचे शिक्षण मिळाले, ती अकोल्याच्या डोंगरातील केंद्रावर राहिली तरी ते शिक्षण तिच्या रुग्णांच्या उपयोगी पडतेच.

शाळांचे नवे वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्या वेळी आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थिनीचा जन्मदाखला, जनरल रजिस्टर आणि आधारपत्र शेजारी ठेवून नाव व जन्मतारीख ताडून पाहणे हे एका शिक्षकाचे दोन-तीन दिवसांचे काम आहे. फरक आढळल्यास पालकांना लेखी कळवावे आणि जन्मनोंदीची दुरुस्ती त्या महिन्याच्या मासिक सभेपुढे ठेवण्याऐवजी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, निबंधक या नात्याने थेट अर्ज करून घ्यावी.