रमाबाईंना विसावा कधी मिळाला?

रात्रपाळी करून आत्ताच घरी पोचला असाल, तर आधी पाय पसरून बसा, मग ऐका. आज विसाव्याबद्दल बोलायचं आहे. रविवारची सुट्टी मिळते, पण ती आठवड्याचे कपडे धुण्यात जाते. विसावा काही मिळत नाही.

मी चाकणला एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर कंत्राटी कामाला होते. सात महिने झाले आणि ब्रेक दिला. ब्रेक म्हणजे काय, हे आपल्या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. खोलीभाडं, मुलाची फी, गावी सासूबाईंचं औषध. अंथरुणावर पडलं की डोक्यात हिशेब सुरू. मी जन्मापासून ख्रिस्ती, दर रविवारी चर्चला जाणारी. प्रार्थनाही रोज करायचे. पण ती प्रार्थना म्हणजे देवाला वाचून दाखवलेली उधारीची यादी. आमेन म्हटलं की यादी परत माझ्याच उशाखाली!

त्याच दिवसांत आमच्या महिला मंडळाची सहल दौंड तालुक्यातल्या केडगावला गेली, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला. रमाबाईंचं नाव शाळेत वाचलेलं, तेवढंच. तिथून आल्यावर मी त्यांच्याबद्दल वाचलं.

दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली, १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि १८८२ साली कॉलऱ्यानं नवरा गेला. कडेवर तान्ही मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. मला वाटायचं, झालं, तेव्हाच शांती मिळाली असणार. तर नाही! १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या कबूल करतात की, धर्म सापडला होता, पण स्वतः ख्रिस्त सापडायला आणखी बरीच वर्षं लागली. सुमारे आठ. एवढी विद्वान बाई, कोलकात्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटलेली! तेव्हा त्या पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. त्यांना उमजलं ते साधंच होतं: देवाला आवडण्याइतके चांगले होईपर्यंत थांबायचं नाही, आहोत तसं त्याच्या हाती पडायचं.

आणि मग काम कमी झालं का? उलट वाढलं. १८९६-९७च्या दुष्काळात शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. १९२१ साली मनोरमा गेली, तरी ते काम चालूच राहिलं. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या.

मत्तयच्या अकराव्या अध्यायात प्रभू येशू थकल्याभागल्यांना बोलावतो, ते आम्हाला पाठ असतं. त्याच्या पुढचं आम्ही घाईनं वाचतो. तिथं तो जू घ्यायला सांगतो. माझे वडील शेतकरी. नवा गोऱ्हा ते कधी दुसऱ्या नव्या गोऱ्ह्याबरोबर जुंपत नसत. शेजारी मुरलेला बैल लागायचा. ओढायचं दोघांनी, पण वाट त्या जुन्याला ठाऊक. हे आठवलं आणि मला तो अध्याय पहिल्यांदा कळला.

मग मी रात्री सगळा हिशेब वहीत लिहायला लागले. वहीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, प्रभू, रात्रभर हे तुझ्याकडे; सकाळी मी बायोडेटा घेऊन निघते. पहिल्या आठवड्यात झोप आली नाही, खोटं कशाला सांगू? एकदा तर दोन वाजता उठून वही परत उघडली. हळूहळू हात सुटला. (महिनाच्या महिना झोप नसेल तर डॉक्टरकडेही जा बायांनो, त्यात अविश्वास नाही.)

काम अडीच महिन्यांनी लागलं, पगार आधीपेक्षा कमी. झोप मात्र त्याच्या आधीच लागायला लागली होती.

चला, दुसऱ्या पाळीची बस येईल आता. डबा घेतलात ना?